नसलेला व्हॉल्व्ह

खाण वसाहत, खोली १४
३ ऑक्टोबर १९९४

बाबा,

या वर्षी, १० तारखेच्या थँक्सगिव्हिंगला, येता येणार नाही. खाणीच्या तळाचे दोन पंप बदलायचे आहेत आणि ते सुरू करताना दाब मोजायला माझ्याशिवाय इथे कोणी नाही. फोन केला असता, पण तो जेवणघराच्या बोळात आहे, मागे सहा जण उभे असतात, आणि तुम्ही फोनवर ओरडता. म्हणून पत्र.

म्हणजे या खेपेला अंगणातला सहलीचा ट्रेलर तुम्हालाच हिवाळ्यासाठी झोपवावा लागणार. दर वर्षी तुम्ही बाहेरून बॅटरी धरता आणि मी आत रांगते, त्यामुळे क्रम तुमच्या लक्षात असेल असं मी धरत नाही. लिहून देते. पत्र ट्रेलरमध्ये घेऊन जा आणि एकेक ओळ झाली की खोडा.

आधी गीझरचा गॅस बंद. एक तास थांबा. गरम असताना बूच काढलंत तर हात भाजेल. मग टाकीचं पाणी सोडा आणि जमिनीलगतच्या दोन्ही तोट्या उघडा. नळ सगळे उघडे ठेवा, नाहीतर पाणी नळ्यांत लोंबकळत राहतं. गीझरचं बूच काढून तोही रिकामा करा. आता तुमच्या पलंगाखालची फळी काढा. गीझरच्या मागे एक व्हॉल्व्ह आहे, तो आडवा करा. तो आडवा केला की गीझर बाजूला पडतो आणि न गोठणारं गुलाबी औषध फक्त नळ्यांतून फिरतं. पंपाची आखूड नळी औषधाच्या कॅनमध्ये बुडवा, पंप चालू करा, आणि एकेका नळातून गुलाबी येईपर्यंत थांबा. फिकट गुलाबी चालणार नाही. संडासचा फ्लश आणि बाहेरचा शॉवर विसरू नका. शेवटी प्रत्येक मोरीत एकेक कप ओता. चार लिटरचे दोन कॅन पुरतात. गाडीत घालतात ते हिरवं वापरू नका, ते विष आहे.

हे सगळं १५ तारखेच्या आत व्हायला हवं. त्यानंतर रात्री उणे पाचच्या खाली जातील.

डोळ्याच्या डॉक्टरांनी काय सांगितलं ते कळवा.

आइला


कोइवुला
११ ऑक्टोबर

पोरी,

तुझं पत्र आलं. पत्र कसलं, औषधाच्या बाटलीवरचा कागद! प्रेम दिवसातून दोनदा, जेवणानंतर, असंही लिहायचं होतंस.

नाही येत ते बरंच आहे. अगं, म्हणजे वाईट वाटलंच, पण काम हे काम. उगाच धावपळ कशाला? नाताळालासुद्धा जमलं नाही तर ओढाताण करू नकोस. मी काही लहान मूल नाही.

ट्रेलर झोपवला. तू सांगितलंस तसाच, ओळीबरहुकूम. गॅस बंद केला, तासभर कॉफी पीत बसलो, पाणी सोडलं, पलंगाखालचा तो व्हॉल्व्ह आडवा केला (घट्ट होता गाढव, पाना लावावा लागला), आणि दोन कॅनमध्ये सगळीकडे गुलाबीच गुलाबी. संडास तर असा शोभिवंत दिसतोय की वापरायची लाज वाटावी.

सोमवारी टर्की भाजली. पाच किलोची होती, आतून जरा कच्ची राहिली, पण सगळ्यांनी नावाजली. सौनाच्या न्हाणीघराची चिमणी झाडून घेतली. डोळा आहे तसा आहे. डॉक्टर म्हणतो मोतीबिंदू पिकू दे. मी म्हटलं, मी काय आंब्याची अढी घातलीय? म्हणजे तसं फिनिशमध्ये जे काही म्हणतात ते म्हटलं.

गुपचूप झोपत जा. पंप पळून जात नाहीत.

तुझा बाप


खोली १४
१८ ऑक्टोबर

बाबा,

माझी एक चूक झाली आहे, ती आधी सांगते.

पलंगाखाली व्हॉल्व्ह नाही. जुलैत आले होते तेव्हा तो गळत होता म्हणून मी काढला आणि तिथे तात्पुरती सरळ नळी घातली. नवीन व्हॉल्व्ह आणून लावायचा होता. तो आणला, आणि तो इथे माझ्या खणात, मोज्यांच्या शेजारी पडला आहे. ३ तारखेचं पत्र मी गेल्या वर्षीच्या आठवणीवरून लिहिलं. असं माझ्याकडून सहसा होत नाही.

आता तुमच्याबद्दल. तुम्ही पाना लावून काय फिरवलंत?

व्हॉल्व्ह नसताना औषध आधी गीझरमध्ये शिरतं. गीझर बावीस लिटरचा आहे. तो भरल्याशिवाय गरम पाण्याच्या एकाही नळातून गुलाबी थेंब येणार नाही. म्हणजे सात-आठ कॅन लागले असते. तुम्ही दोन वापरलेत आणि 'सगळीकडे गुलाबीच गुलाबी' झालं. हे होऊ शकत नाही. त्यावरून मी असं समजते की तुम्ही ट्रेलरला हातही लावलेला नाही.

दुसरं, पाच किलोची टर्की एकटा माणूस भाजत नाही. 'सगळ्यांनी' म्हणजे कोणी?

इथल्या रेडिओवर कोइवुलाचं तापमान सांगतात. काल उणे चार होतं. टाकीत पाणी असेल तर निदान ते आजच सोडा. बाकीचं नंतर बोलू.

आइला


कोइवुला
२४ ऑक्टोबर

अगं बाई, काय ही पोरगी! पोलिसात का नाही गेलीस?

बरं, पकडलंस. वाघ म्हटलं तरी खातो आणि वाघोबा म्हटलं तरी खातो, तेव्हा खरं सांगतो. ट्रेलर झोपवला नाही. झोपवायचा नाहीये. ऐक आणि कपाळाला आठ्या घालू नकोस: मी या हिवाळ्यात ॲरिझोनाला जाणार आहे. सगळे म्हातारे जातात. ऑनी कोस्की गुडघे बदलून गेला, मी काय एका डोळ्यासाठी बसून राहू? तुझी आई आणि मी दर वर्षी नकाशा काढायचो आणि दर वर्षी घडी करून ठेवायचो. ती तर गेली. आता नकाशाने काय माझ्या सरणावर यायचं?

म्हणून पाणी तसंच ठेवलंय, वाटेत लागेल. पाना लावला ती जरा शोभेसाठी भर घातली, कबूल.

टर्की 'सगळ्यांनी' म्हणजे कोस्कीकडची मंडळी आली होती. त्यांचा कुत्राही धर.

थंडी काही विशेष नाही. तू उगाच रेडिओ ऐकतेस.

बाप


खोली १४
१ नोव्हेंबर

बाबा,

तुमचं पत्र चार वेळा वाचलं. पहिल्यांदा राग आला. मी हिशेब मांडला: तीन हजार दोनशे किलोमीटर, मागे अडीच टनांचा ट्रेलर, उजव्या डोळ्याने अर्धं दिसतं आणि डावा पिकत ठेवलेला. हे सगळं मी लिहून काढलं होतं, दोन पानं. तुमचा गाडी चालवायचा परवाना रद्द करायला कोणत्या खिडकीवर जावं लागतं तेही विचारून ठेवलं होतं.

मग ती पानं बाजूला ठेवली, कारण एक गोष्ट जुळेना.

तुमची दोन्ही पत्रं ओलीने आखडलेली आहेत. कडेला शाई पसरली आहे. आपल्या स्वयंपाकघरात ऑक्टोबरपासून लाकडाची चूल पेटती असते. तिथली हवा इतकी कोरडी की आईच्या खुर्चीचे सांधे सुटतात. तिथे लिहिलेला कागद असा होत नाही. लहान बंद खोलीत गॅस जळत असेल आणि माणूस श्वास घेत असेल तर असा होतो. गॅस जळला की पाणी तयार होतं, ते भिंतीवर जमतं, भिंतीवरून टेबलावर येतं.

आणि ऑनी कोस्की ऑगस्टअखेरीस गुडघ्यांसकट, घरच्या सगळ्यांसकट ॲरिझोनाला गेला. त्याच्या मुलीने मला तिथून कार्ड पाठवलं आहे. मग टर्की खायला त्याच्याकडची मंडळी कुठून आली?

म्हणून सरळ विचारते. तुम्ही ट्रेलरमध्ये राहता का? किती दिवस? आणि आपल्या घरात कोण आहे?

या वेळी भर घालू नका. शुक्रवारी, ११ तारखेच्या विमानाने उत्तर आलं नाही तर मी बोळातून फोन करेन आणि सहा जणांसमोर ओरडेन.

आइला


कोइवुला
७ नोव्हेंबर

आइला,

हो.

यार्मो आला आहे. २७ ऑगस्टला आला. बायको आहे, डेनीस, सडबरीकडची, फ्रेंच बोलणारी, आणि चार महिन्यांची मुलगी. विनिपेगमधलं त्याचं काम गेलं, खोली गेली. दारात उभा राहिला तेव्हा मला वाटलं कोणी वाट चुकलाय. मी विचारलं, "काय हवंय?" तो म्हणाला, "बाबा, मी आहे." बघ माझा डोळा कसा पिकलाय.

त्याला आत घेतला. दुसरं काय करणार होतो? पण त्याच क्षणी मला तू आठवलीस. आईच्या तेराव्याला, म्हणजे आपलं ते अंत्यविधीच्या कॉफीला, सगळं गाव बसलं असताना तू कप खाली ठेवून म्हणालीस: "यार्मो ज्या दिवशी या छपराखाली झोपेल त्या दिवसापासून मी झोपणार नाही." एकदाच म्हणालीस. तू दोनदा काही म्हणत नाहीस. तू शिक्षण सोडून वर्षभर तिचं उशापायथ्याचं केलंस आणि तो मातीलाही आला नाही, तेव्हा तुझं चुकलं असं मी कधी म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. पण आपल्या साल्मेला घराण्यात एकदा बोललेलं कोणी परत गिळत नाही, हे मला माहीत आहे. मीच तसा आहे. तुला कळलं तर तू यायची नाहीस. म्हणून लपवलं. आता तू विचारलंस, मी सांगितलं, आणि आता तू येणार नाहीस.

घर तुला माहीत आहे. दोन खोल्या. माझी त्यांना दिली, पाळण्याला खिडकीपासून लांब जागा लागते. दुसरी तुझी. ती तशीच आहे. दार बंद आहे. तुझ्या परवानगीशिवाय तिथे कोणी झोपायचं नाही, मीसुद्धा नाही. नाहीतर तुला वाटेल की तुझी जागा भरली.

यार्मो रोज संध्याकाळी ट्रेलरपाशी येऊन भांडतो. "बाबा, आत चला, मी जमिनीवर झोपतो." मी म्हणतो, "जमिनीवर झोपलास तर तुझी बायको तुला अडखळेल, चल चालता हो." काल तर मला उचलायलाच निघाला. मी सांगितलं, हात लावलास तर सौनात जाऊन राहीन आणि आतून कडी घालीन.

थंडी आहे. खोटं नाही बोलत. रविवारी सकाळी सिंकखालची एक नळी फुटली आणि माझे मोजे भिजले. ती दोरीने बांधून ठेवली आहे. पाणी मी आता घरातून बादलीने आणतो. टाकीत अजून बरंच आहे, ते सोडायला गेलो तर तोटी गोठलेली.

तू रागाव. पण पत्र लिहायचं सोडू नकोस.

बाप


खोली १४
१४ नोव्हेंबर

यार्मो,

हे पत्र तुला आहे, बाबांना नाही. त्यांना वाचून दाखवायला हरकत नाही.

शुक्रवारी कोइवुलात उणे एकोणीस होणार आहे. त्याआधी बाबा त्या ट्रेलरमधून बाहेर यायला हवेत. तू आता घरात आहेस, म्हणून हे काम तुझं.

सोबत, आजच्याच विमानाने, व्हॉल्व्ह पाठवते आहे. तीन तोंडं, पितळी, दोन वॉशर चिठ्ठीत गुंडाळले आहेत. पलंगाखालची फळी काढलीस की गीझरमागे एक पांढरी सरळ नळी दिसेल, ती मी घातलेली. ती कापून हा बसव. बाणाचं टोक पंपाकडे. पण आधी सगळं वितळलं पाहिजे. ट्रेलरमधली शेगडी दिवसभर चालू ठेव, पलंगाखालच्या आणि सिंकखालच्या फळ्या काढून ठेव, आणि जमिनीलगतच्या तोट्यांवर गरम पाण्यात पिळलेली फडकी. नळ्यांना ज्योत लावू नकोस, त्या प्लास्टिकच्या आहेत. पाणी वाहायला लागलं की ते संपेपर्यंत तिथून हलू नकोस. बाकीचा क्रम माझ्या ३ ऑक्टोबरच्या पत्रात आहे. बाबांकडे आहे, त्यांनी एकही ओळ खोडलेली नसेल. फुटलेली नळी कापून जोड लाव, दोरी नको. किती लिटर लागलं ते मोज आणि कळव. अंदाजे नको.

आता बाबांचं. ते माझ्या खोलीत झोपतील. ही परवानगी आहे, लेखी. त्यांनी वाद घातला तर हे वाक्य दाखव.

मी जे बोलले ते बोलले होते. ते मी खोडत नाही. तेव्हा ते बरोबर होतं. पण त्या वाक्यात मी माझी झोप पणाला लावली होती, बाबांची नाही. तू एकोणऐंशी दिवस त्या छपराखाली झोपला आहेस आणि तेवढे दिवस बाबा बाहेर. हे मला ठरवायचं नव्हतं, पण माझ्या वाक्यानेच ठरलं. मोजणारीने मोजायला हवं होतं.

तू मातीला का आला नाहीस ते मी विचारत नाही.

आइला


कोइवुला
२० नोव्हेंबर

आइला,

तुझं पत्र बुधवारी मिळालं. गुरुवारी पहाटेपासून शेगडी लावली. डेनीस गरम फडकी आणून देत होती, मी आत, बाबा बाहेरून बॅटरी धरून, दिवसाढवळ्या. म्हटलं, "बाबा, सूर्य आहे." म्हणाले, "तू तुझं काम कर, मी माझं करतो."

दुपारी दोनला तोटी वाहायला लागली. अडतीस लिटर पाणी निघालं, बादल्या मोजल्या. व्हॉल्व्ह पहिल्यांदा उलटा बसवला. बाण पंपाकडे असं तू लिहिलं होतंस, मी पंप कुठला आणि गीझर कुठला यातच गोंधळलो. काढून परत बसवला, एक वॉशर चिमटला म्हणून दुसरा वापरला. गळत नाही. औषध सात लिटर आणि सहाशे मिलिलिटर लागलं. स्वयंपाकघराचा गरम नळ सगळ्यात शेवटी गुलाबी झाला. बाहेरचा शॉवर विसरलो होतो, शुक्रवारी सकाळी आठवला. त्याची मूठ तडकली आहे. ती चूक माझी. नवीन लागेल.

आता बाबा. ते तुझ्या खोलीत आहेत, पण तुझ्या पलंगावर नाहीत. ट्रेलरमधली गादी ओढत आणली आणि पलंगाशेजारी जमिनीवर घातली. तुझं वाक्य दाखवलं. चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाले, "खोलीत असं लिहिलंय. पलंगावर असं कुठे लिहिलंय?" तूच लिही.

घोरतात मात्र जोरात. ट्रेलरमध्ये असताना आम्हाला ऐकू यायचं नाही. पहिल्या रात्री पोरगी जागी झाली, मग त्याच आवाजावर झोपली.

तू विचारलं नाहीस, तरी सांगतो. आलो होतो. उप्साला गावाच्या पेट्रोल पंपापर्यंत. दीड तासाची वाट राहिली होती. दोन तास गाडीत बसलो, गाडी बंद, काचा पांढऱ्या झाल्या. आई आजारी असताना आलो नाही, आता कोणत्या तोंडाने जाऊ, असं झालं. मग परत गेलो. हे काही कारण नाही. घडलं ते एवढंच.

गादी कोरडी आहे. मी हात लावून पाहिली.

यार्मो


खोली १४
२७ नोव्हेंबर

यार्मो,

सात लिटर सहाशे बरोबर आहे. मी सात ते आठच्या मध्ये धरलं होतं. उलटा बसवलास हे लिहिलंस ते चांगलं केलंस; बाबांनी लिहिलं नसतं. शॉवरची मूठ मी आणते, माप माझ्याकडे आहे.

बाबांना हे दाखव: पलंगावर. गादीवर, उशी घेऊन, पांघरूण घेऊन, मी घरी नसेन तेव्हा रोज. मी असेन तेव्हा कोण कुठे झोपायचं ते सगळ्यांनी बसून ठरवू. मला स्वयंपाकघरातलं बाकडं चालतं. ते चुलीजवळ आहे.

पंप ५ तारखेला सुरू होतात. २० डिसेंबरच्या विमानात माझं नाव लागलं आहे. तिथून बस. ती संध्याकाळी चार चाळीसला पोचते, म्हणजे अंधारात, आणि बाबांनी अंधारात गाडी चालवायची नाही. ते मीच येतो म्हणून हट्ट करतील. चावी काढून घे.

न्यायला तू ये. पुढच्या काचेवरचं बर्फ येण्याआधी खरवड, मागाहून नको. घरापर्यंत पन्नास मिनिटं लागतात. बोललंच पाहिजे असं नाही. पण बोलायचं असेल तर पन्नास मिनिटं पुरतील असं मला वाटत नाही, म्हणून हळू चालव.

आइला